अर्ध्या पुस्तकांचं गाऱ्हाणं

सुगंधाबाई मेस्त्रींचा एक अभिमान साऱ्या गावाला पाठ होता. हातात घेतलेलं पुस्तक त्यांनी जन्मात कधी अर्ध्यावर टाकलं नव्हतं. पुस्तक रटाळ असो, बोजड असो, मधली दहा पानं वाळवीनं खाल्लेली असोत, बाई वाळवीनं मागे ठेवलेली अक्षरं जुळवून ते तडीस नेणार म्हणजे नेणार. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारापासून तीन किलोमीटर आत त्यांचं गाव. तिथल्या शेतकी सोसायटीच्या इमारतीत, कोपऱ्यातल्या खोलीत गावाचं वाचनालय, आणि त्या वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून सुगंधाबाई.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते वडिलांकडून. वडील दर श्रावणात घरात पोथी लावायचे. आळीतल्या बायका, म्हातारे ऐकायला जमायचे. एकदा ऐन पोथीत वडिलांना असा ताप भरला की डोळे लाल झाले, तरी गोधडी पांघरून, दात वाजवत त्यांनी उरलेले अध्याय पुरे केले. नऊ वर्षांच्या सुगंधाला ते म्हणाले, "लावलेली पोथी अर्धी ठेवची नाय गो. घराक बरा नसता." कोकणात हे सगळ्यांनाच माहीत असतं. लावलेली पोथी अर्धी राहिली की घरात काहीतरी आडवं येतं. पण इतर माणसं हा नियम पोथीपुरता ठेवतात. सुगंधाबाईंनी तो कादंबरीला लावला, प्रवासवर्णनाला लावला, इतकंच काय, लोणच्यांच्या पुस्तकालाही लावला.

आणि स्वतःपुरता ठेवला असता तर कोणाची ना नव्हती. बाईंनी तो गावाला लावला. पुस्तक परत द्यायला माणूस टेबलापाशी आला की चष्म्यावरून बघत त्या विचारायच्या, "संपला?" माणूस 'होय' म्हणाला की पुढचा प्रश्न तयार, "मग शेवटाक काय झाला, सांग बघूया." जो अडखळला त्याला पुस्तक परत. "जा, पुरा करून हाड." मुलं त्यांना मागून 'बोर्डाची बाई' म्हणायची. बाईंना ते कळलं होतं आणि मनातून आवडतही होतं.

या शिस्तीचं फळ सत्तावीस वर्षांनी पदरात पडलं. दिवाळी सरली, भात घरात आलं, आणि एका सोमवारी सोसायटीचे चेअरमन मंगेश राणे वाचनालयात येऊन बसले. मंगेश वाईट माणूस नव्हे. गावच्या भल्यासाठी धावणारा, फक्त धावताना वाटेत काय तुडवलं जातंय ते न बघणारा. खुर्चीवर बसला की तो मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलायचा. त्यावरूनच बाईंनी ओळखलं की काम सरकारी आहे.

"बाई, गेल्या महिन्यात वाचक किती आले?"

"अकरा."

"आणि बाहेर गेलेली, परत न आलेली पुस्तकं?"

बाईंनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, "एकशे त्रेचाळीस."

"म्हणजे माणसंही येत नाहीत आणि पुस्तकंही येत नाहीत. आम्हाला खताची पोती ठेवायला जागा नाही. पावसात व्हरांड्यात भिजून दगड होतात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सभा आहे. तोवर काही फरक दिसला तर ठीक. नाहीतर ही खोली गोदामाला घ्यावी लागेल. पुस्तकं शाळेला देऊ."

शाळेत पटावर सतरा पोरं होती आणि कपाट एक. पुस्तकं तिथं कुठं जाणार हे मंगेशलाही ठाऊक होतं. तो गेल्यावर बाईंना रडू आलं. मुलं मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेली होती. घरात दोन माणसांचा स्वयंपाक तो काय? ही खोली गेली तर सकाळी साडीला पिन लावून निघायचं कुठं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

घरी नवऱ्याला सांगितलं. हरिश्चंद्र मेस्त्री एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ते सुपारी कातरत होते. बाई म्हणाल्या, "लोकांका मोबाईल लागलो. वाचतलो कोण?" हे वाक्य त्या काळी गावात सगळेच म्हणत, त्यामुळे विचार करायचं काम वाचे.

हरिश्चंद्र म्हणाले, "मोबाईल लागलो तर पुस्तका परत कित्याक देणत नाय? नको आसलेली वस्तू माणूस आधी परत करता. तू घराघरात जाऊन बघ."

बाईंना हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून यादी घेऊन त्या निघाल्या. मनात राग होता. एकेकाला फैलावर घ्यायचं ठरवूनच त्यांनी चपला घातल्या होत्या.

पहिलं घर हौसाबाईंचं. सत्तरीच्या हौसाबाई पूर्वी आठवड्याला एक कादंबरी फस्त करायच्या. तीन वर्षांपूर्वी एक घेऊन गेल्या त्या गेल्याच. बाईंना अंगणात बघताच म्हातारी घाबरली, आत गेली, आणि तांदळाच्या पिंपातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कादंबरी काढून घेऊन आली. पान एकसष्टवर वातीचा कापूस ठेवलेला.

"हरवूक नाय हां सुगंधा. जपान ठेवलंय."

"मग परत कित्याक दिलंस नाय? तीन वर्सां झाली!"

हौसाबाईंनी पानातला कापूस बोटानं नीट केला. मग म्हणाल्या, "तेच्यात त्या बायचो झील बोटीर जाता. मगे वारो सुटता. माझो झील पण बोटीर आसा, तुका म्हायत आसा. माका पुढचा पान परतूक होयना. मी पान परतणंय नाय तवसर तो पोरगो जिवंत आसा मां?"

"मग तसाच परत द्यायचा!"

"तू इचारतलंस, संपला? लावलेली पोथी अर्धी कशी देव गो तुझ्या हातात? लाज वाटली. मगे तुझ्या वाटेनच येणा सोडलंय."

सुगंधाबाईंनी ती कादंबरी दोनदा वाचली होती. पान त्रेसष्टवर तो मुलगा बुडतो, हे त्यांना माहीत होतं. कापूस जिथं होता ती जागा त्या बघत राहिल्या. म्हातारीनं पुस्तक सोडलं नव्हतं, ती बरोब्बर थांबायच्या जागी थांबली होती. फैलावर घ्यायला आलेल्या बाई चहा पिऊन उठल्या.

पुढच्या घरी राग परत चढवावा म्हटलं तर तोही जमेना. धनेश रिक्षावाला कट्ट्याच्या स्टँडवर रिक्षातच वाचायचा. जरा वाचलं की भाडं यायचं. परत येईतो कोण कोणाचा मेव्हणा ते विसरलेलं असायचं, मग पुन्हा पान एकपासून. "बाई, पयली नऊ पाना माझी तोंडपाठ आसत. म्हणान दाखवू? धाव्या पानार काय आसा ता देवाक म्हायत." आणि त्यानं खरंच म्हणून दाखवली, रिक्षाच्या हँडलवर ताल धरून.

आंबेवाल्या सुदेशचं तर भांडणच होतं, आणि तेही लेखकाशी. कादंबरीचा नायक दिवाळीच्या सुट्टीत कोकणात येतो आणि झाडावरून पिकलेला हापूस काढून नायिकेला देतो. सुदेशनं तिथंच पुस्तक मिटलं होतं. "दिवाळीत हापूस? मोहोर तरी धरता काय तेव्हा? ज्याका आंबो कळणा नाय, तो माका प्रेम काय शिकवतलो!" हे सांगताना चार वर्षांनंतरही त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. पुस्तक मात्र त्यानं कोंबड्यांपासून वाचवून माळ्यावर नीट ठेवलं होतं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते समीक्षाचं. ही पोर मालवणला कॉलेजात जाणारी, वागायला गरीब. एका रहस्यकथेची वीस पानं वाचून तिनं ती ठेवून दिली होती. कारण सांगेना. बाईंनी फारच आग्रह केला तेव्हा खाली बघत म्हणाली, "बाई, रागावू नका. पुस्तक देताना तुमीच म्हणालात, 'घेऊन जा, बरा आसा. तो वकीलच खुनी निघता.'"

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

आठ दिवस त्या फिरल्या. कोणाचे डोळे कमजोर झाले होते आणि बारीक टाइप दिसत नव्हता. कोणाचा नवरा वारला तेव्हा जे पुस्तक उघडं होतं ते पुन्हा उघडवत नव्हतं. एकीला फक्त कंटाळा आला होता, आणि हे सांगताना ती इतकी घाबरली की जणू चोरी कबूल करतेय. पुस्तक सोडण्याची कारणं घरागणिक वेगळी. पण वाचनालय सोडण्याचं कारण सगळीकडे एकच निघालं, आणि ते कारण चपला झिजवत लोकांच्याच दारात आलं होतं. एकशे त्रेचाळीस पुस्तकं, एकूण एक, ट्रंकेत, पिंपात, देव्हाऱ्यामागे सुखरूप होती. माणसं पुस्तकाला कंटाळली नव्हती. ती बाईंच्या 'संपला?'ला भ्यायली होती.

"तिकीट नसलेलो पॅसेंजर दारातच उतारता," हरिश्चंद्र रात्री जेवताना म्हणाले. "तू पुस्तका तपासलंस नाय, तिकिटा तपासलंस." एरवी बाईंनी ताट आपटलं असतं. त्या दिवशी त्यांनी मुकाट भात कालवला.

आता करायचं काय? बाईंनी घरोघर सांगून बघितलं, "तसाच घेऊन ये, मी काय्येक इचारूचंय नाय." लोक मान डोलवायचे, पण अर्धं पुस्तक हातातून सोडायचे नाहीत आणि वाचनालयातही यायचे नाहीत. बाईंची भीती एक वेळ गेली असती, पण तिच्याखाली जी जुनी भीती होती ती बाईंच्या शब्दानं जाणारी नव्हती. लावलेली पोथी अर्धी, हे सत्तावीस वर्षं त्यांनीच लोकांच्या मनावर कोरलं होतं. ते पुसायला त्यांच्यापेक्षा मोठं कोणीतरी हवं होतं.

असा मोठा गावात एकच. देव रवळनाथ.

गावची जत्रा मार्गशीर्षात. जत्रेच्या दुपारी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी बाबू गावकर उभा राहून साऱ्या गावाच्या वतीनं देवाला सांगतो, की पीक बरं येऊ दे, गुरं राख, चाकरमान्यांना सुखरूप ठेव. प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात होकार देतो. बाई जत्रेच्या आदल्या दिवशी बाबूकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उद्याच्या गाऱ्हाण्यात पुस्तकांचा पण घाल."

बाबू उडालाच. "पुस्तकाचा गाऱ्हाणा? माझ्या आज्यान घातला नाय, बापाशीन घातला नाय. देव काय म्हणतलो?"

बाईंनी शांतपणे यादी उघडली. "बाबू शंकर गावकर. पुस्तक नंबर सातशे अठ्ठावीस. एकोणीस वर्सां झाली."

बाबूनं मान खाली घातली. मग उंबऱ्याकडे बघत पुटपुटला, "तेरा पाना झाली होती. मगे बैल मेलो. मी म्हटलंय, अर्धा सोडलंय म्हणान मेलो." त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "घालतंय. देवाक समाजतला."

जत्रेला मुंबईहून माणसं आली होती. देवळाचं आवार फुलून गेलं होतं. बाबू हात जोडून उभा राहिला आणि त्यानं आवाज लावला. पीक झालं, गुरं झाली, आजारपाजार झाले. मग तो क्षणभर थांबला. सुगंधाबाई लोकांच्या तोंडांकडे बघत होत्या. लोक हसले तर संपलंच.

"बा देवा म्हाराजा! ह्या गावच्या लेकरांनी वाचनालयातली पुस्तका हाडली, कोणी धा पाना वाचली, कोणी साठ वाचली, पुरी करूक जमली नाय म्हाराजा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुठूनतरी, बहुतेक हौसाबाईच, एक बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"ती काय पोथी न्हय म्हाराजा, ती गजाली, नुसत्यो गोष्टी! त्या अर्ध्या सोडलेल्या पुस्तकांचो दोष कोणाच्या घरादाराक, पोराबाळांक, गुरावासरांक लागाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज मोठा होता. रिक्षावाला धनेश तर खांद्यावरचं पोर सांभाळत ओरडला.

"चूकभूल पायाखाली घाल, आणि अर्ध्या पुस्तकासकट सगळ्यांका वाचनालयाची वाट मोकळी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाच्या कौलांवरचे पारवे भर्रकन उडाले. सुगंधाबाई रडत होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या वाचनालयाशी पोचल्या तर दारात रांग. पिशव्या, डबे, फडक्यात बांधलेली पुस्तकं. एकानं भातात ठेवलेलं पुस्तक आणलं, त्यातून टेबलावर साळी सांडल्या. बाईंनी तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. सत्तावीस वर्षांची सवय, ती काय सहज जाते? पण गिळला. त्याऐवजी म्हणाल्या, "खंय थांबलंस?" आणि माणूस सांगेल ते कारण एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या मागच्या पानाला चिकटवू लागल्या. 'पान ४०. नायक फार रडतो.' 'पान ९. भाडी.' 'पान १३. बैल मेला.'

मग एक मजा झाली. लोक पुस्तकाआधी चिठ्ठ्या वाचू लागले. सुदेशची आंब्याची चिठ्ठी वाचायला आंबेवाल्यांची रीघ लागली, आणि सगळ्यांना ते दिवाळीतल्या हापूसचं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नायक फार रडतो म्हणून एकानं सोडलेलं पुस्तक दुसरीनं त्याच कारणासाठी नेलं. बाईंनी धनेशला छोट्या गोष्टींचं पुस्तक दिलं, एका भाड्याला एक गोष्ट. हौसाबाईंना त्यांनी विनोदी पुस्तकं शोधून दिली, आणि देताना शेवट आनंदाचा आहे एवढंच सांगितलं. बारीक टाइपवाल्यांसाठी समीक्षा दर शनिवारी मोठ्यानं वाचून दाखवू लागली. जानेवारीत वाचकांची नावं रजिस्टरच्या एका पानात मावेनात.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले, आणि सभा बसली. मंगेश राणे उभा राहिला. त्याच्या हातात वाचनालयातल्या दहा-बारा चिठ्ठ्यांची नक्कल होती.

"फरक दिसतोय, मी मान्य करतो," तो म्हणाला. "पण मी चिठ्ठ्या वाचल्या. पान नऊ, पान तेरा, पान चाळीस. ही वाचनाची प्रगती आहे का? निम्मी माणसं पुस्तक पुरं करत नाहीत. याचा अर्थ लोकांना पुस्तकं नकोच आहेत. मग खोली अडवायची कशाला?"

सभेत चुळबुळ झाली. मुद्दा बिनतोड वाटत होता. सुगंधाबाई उठल्या. ऑफिसात बोलायचं शुद्ध मराठी त्यांनीही सुरू केलं, पण पहिल्याच वाक्यात ते सुटलं.

"चेअरमन, मी तुम्हाला एक विचारते. आयतवारी कट्ट्याक तू मासे घेवक जातंस मां रे मंगेशा? धा पापलेटांचे कल्ले उघडून बघतंस, नव परत ठेवतंस. मगे तुका मासे नकोत असा कोण म्हणता काय?"

सभेत हशा फुटला. मंगेशला मासे किती लागतात हे गावात कोणाला सांगायला नको होतं. तो स्वतःच हसला. पण बाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी खांद्याच्या पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढली. साडेसहाशे पानांची.

"ह्या मी दोन महिने वाचतंय. दात-ओठ खाऊन वाचतंय. रोज रात्री उघडलंय की वाटता, कोणीतरी माका शिक्षा दिल्यान. सत्तावीस वर्सांत मी सगळी पुस्तका पुरी केलंय म्हणान मिरवलंय. आज खरा सांगतंय. तेतूरली निम्मी माका आवडूक नाय होती. मी भियान पुरी केलंय. बापाशीच्या भियान." त्यांनी कादंबरी सभेपुढे वर धरली. "ह्या पुस्तक मी पान दोनशे बारार सोडतंय. कारण, कंटाळो इलो."

आणि भर सभेत त्यांनी पुस्तक फाटकन मिटलं.

पहिली टाळी हौसाबाईंची. मग अख्खा गाव. हरिश्चंद्र मेस्त्रींनी कंडक्टरची जुनी शिट्टी असती तर मारली असती, ती नव्हती म्हणून दोन बोटं तोंडात घातली. मंगेशनं हात वर करून शांत व्हायला सांगितलं आणि विचारलं, खोली वाचनालयाकडेच राहावी असं कोणाचं मत आहे? जे हात वर गेले ते मोजायच्या भानगडीत सेक्रेटरी पडलाच नाही. विरोधात कोण, असं विचारल्यावर मंगेशनं सवयीनं स्वतःचा हात उचलला, मग त्याच हातानं डोकं खाजवलं. खतासाठी पलीकडे पत्र्याची शेड घालायचं ठरलं, आणि शेडचं काम करायला आठ जण जागच्या जागी उभे राहिले.

सेक्रेटरीनं ठराव लिहून काढला आणि बाईंपुढे सरकवला. "सही करा. वाचायची गरज नाही, नेहमीचाच मजकूर आहे."

"थांब," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद उचलला, सभेकडे तोंड केलं आणि तारखेपासून सुरुवात करून, खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता, खोली कायमची वाचनालयाची राहील या शेवटच्या ओळीपर्यंत तो पुरा वाचला.